डाव्या अंगठ्याचा क्रूस

बोईसर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. रेजिना हिस दादाचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. बोईसरहून पालघर गाडीने दहा मिनिटे, त्यात पत्र लिहिणे म्हणजे शुद्ध नाटक, हे मलाही कळते. पण फिजिओथेरपीवाली मेघाली आहे ना, तिचा हुकूम आहे की अंकल, रोज डाव्या हाताने अर्धे पान लिहायचेच. पहिला आठवडा मी बाराखडी काढली. साठीनंतर बालवाडी. मग म्हटले, कागद खराबच करायचा तर तुझ्या नावाने करावा. फोनवर माझे बोलणे तुला कळत नाही, आणि कळल्यासारखे तू जे हं हं करतेस ते मला बरोबर कळते. मोबाइलवर टाइप करावे तर तो माझ्याहून शहाणा. मी लकवा लिहिले की तो हलवा करून देतो.

तब्येतीचे म्हणशील तर ऑगस्टातल्या झटक्यानंतर पाय परत आला, जीभ अर्धी आली, उजवा हात अजून रजेवर आहे. डॉक्टर म्हणतात, हाताचे नक्की सांगता येत नाही. म्हणजे सांगता येते, पण फी घेतल्यावर लगेच सांगणे बरे दिसत नाही.

स्नेहाच्या लग्नाची तारीख पक्की, ११ जानेवारी, रविवार. अनुजच्या घरचे सरळ आहेत. इतके सरळ की तुझ्या वहिनीला, मोनिकाला, संशय येतो. एक गोष्ट मी ठरवली आहे, ती तुला आधीच सांगतो, नाहीतर तिसऱ्याकडून कळले म्हणून फुगशील. नवरी घरातून निघताना बाप तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतो, ते या खेपेला स्नेहाचा मामा करील. त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत आणि तो ते दुसऱ्या कशाला फारसे वापरत नाही. माझा उजवा उठत नाही आणि डाव्याने ते करायचे नसते. विषय संपला.

लोभ रोज थोडा थोडा चालू ठेव, मेघालीच्या व्यायामासारखा.

तुझा दादा,
इनास

*

पालघर,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. इनासदादा यांस, सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे. खरेच घातला तर मला उठवायला सध्या तूही नाहीस.

तुझे पत्र पाचव्या दिवशी मिळाले. मी सरकारी नोकर, मला यात उशीर दिसला नाही. पण उत्तर मी सातपाटीच्या येसूबाईबरोबर पाठवते आहे. ती सकाळी आमच्याकडे बाजारात बसते आणि उरलेली टोपली घेऊन गाडीने तुमच्या गल्लीत येते, हे तुला माहीत आहेच. पत्राला बोंबलाचा वास आला तर तो माझ्या भाषेचा समजू नये.

आता तुझा संपलेला विषय. डाव्याने करायचे नसते हे तुला कोणी सांगितले ते मी सांगू का? गावच्या धर्मशिक्षणाच्या बाईंनी. तू जन्माचा डावखुरा. गोट्या डाव्याने, दगड डाव्याने, माझी वेणी ओढायची तीही डाव्याने. बाईंनी तुला वर्षभर डावा हात खिशात घालून क्रूसाची खूण करायला लावली, आणि तू इतका गुणी की वर्षभराने सगळेच उजव्याने करू लागलास. म्हणजे जो हात गेला तो शिकवलेला, आणि जो राहिला तो तुझा मूळचा. त्या बाईंना जाऊन वीस वर्षे झाली. तू अजून त्यांच्या भीतीने हात खिशात घालून बसला आहेस. झटका आल्यापासून चर्चलाही गेला नाहीस, तेही याचसाठी ना? लोकांसमोर क्रूस कसा करायचा म्हणून?

मी आमच्या फादरांना विचारले. ते म्हणाले, आजारी माणसाने डाव्याने केला तरी चालेल. झाले तर मग.

वहिनीला सांग, लग्नाच्या साड्या मी येऊन बघितल्याशिवाय फॉलला टाकू नये. राग आला असेल तर अर्धे पान जास्त लिही, हाताला बरे.

तुझी,
रेजिना

*

बोईसर,
२० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास स्नेहाचा सा. न. वि. वि.

घरात बोलता येत नाही, भिंती पातळ आहेत, आणि पप्पांची जीभ अडखळली तरी कान चांगले आहेत. म्हणून मीही पत्रच लिहिते. या घराला आता पत्रांची साथ आली आहे.

आत्या, तुला माहीत आहे, मी लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हापासून रोज सकाळी दारात पप्पा माझ्या कपाळावर क्रूस काढायचे आणि मग मी हेल्मेट घालायचे. क्रम चुकून हेल्मेट आधी घातले तर काढायला लावायचे. सेफ्टी सुपरवायझर ना, त्यांच्या लेखी तेही हेल्मेटच. ऑगस्टपासून ते दारात येतच नाहीत. मी निघाले की त्यांना नेमका पेपर वाचायचा असतो.

आता म्हणतात की लग्नाच्या दिवशी मामा काढील. मी सांगितले, मामाचा क्रूस मामाच्या मुलींना. मी तुमच्याच हातचा घेऊन निघेन, नाहीतर निघणार नाही. बोलणे कळत नाही म्हणून त्यांना दिलेल्या पाटीवर त्यांनी लिहिले, हट्ट. मी खाली लिहिले, वंशपरंपरा. तेव्हापासून पाटी बोलत नाही.

मला त्यांना लोकांसमोर ओशाळे करायचे नाही. पण मी कोरे कपाळ घेऊन सासरी वापीला गेले तर पुढे कितीही वर्षे झाली तरी तेच आठवेल, मला आणि त्यांनाही. अनुज म्हणतो की हवे तर लग्न ईस्टरनंतर करू, तोवर पप्पांचा हात सुधारेल. सुधारणार नाही हे मेघालीने मला सांगितले आहे. तू काहीतरी कर. फादरांना मध्ये घालू नकोस, त्यांचे ते 'चालेल' ऐकून पप्पा दोन दिवस जेवले नाहीत.

तुझ्या लाडाला सोकावलेली,
स्नेहा

*

बोईसर,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. रेजिनास अ. उ. आ. वि. वि.

चालेल! जन्मभर कारखान्यात मी या शब्दाशी भांडलो. गॉगल नाही, चालेल. व्हॉल्व्हला गळती आहे, एक पाळी चालेल. जिथे जिथे चालेल म्हणाले तिथे नंतर ॲम्ब्युलन्स चालली. आता देवाच्या दारात मला तीच सवलत? रेल्वेत अपंगांचा डबा असतो तसा स्वर्गातही ठेवला असेल, पण मला त्यातून जायचे नाही.

धर्मशिक्षणाच्या बाईंचे तू म्हणतेस ते खरे, पण अर्धे. बाई कशासाठी ओरडत हे तुलाही माहीत आहे. या देशात डाव्या हाताला एक काम नेमून दिलेले आहे आणि ते कोणते हे पत्रात लिहायचे नसते. आता तर माझा जेवायचा हातही तोच. साबण लावून लावून कातडी गेली, तरी ताटात हात घालताना मला दर वेळी ते आठवते. तो हात मी पोरीच्या कपाळाला लावू? आणि तोही लग्नाच्या दिवशी?

स्नेहाने तारीख पुढे ढकलायचे काढले आहे हे मला कळले. तिला सांग, हॉल परत मिळणार नाही. मी सांगितले तर ऐकत नाही.

मोनिका म्हणते, तू आलीस की साड्या बघायच्या; तोवर त्या खाटेवर आणि मी खुर्चीवर.

तुझा,
दादा

*

पालघर,
५ डिसेंबर २०२५

ती. दादा यांस, सा. न. वि. वि.

चालेल हा शब्द मी मागे घेते. फादरांकडे परत गेले ते परवानगीसाठी नाही, पुस्तकांसाठी. त्यांनी कपाट उघडून दिले आणि स्वतः पळ काढला. गेले दोन रविवार मी क्रूसाच्या खुणेचा इतिहास वाचते आहे. तुला नियम आवडतात, म्हणून नियमांचे काय काय झाले ते ऐक.

आज आपण कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा ऐसपैस क्रूस करतो. पहिल्या दोन-तीनशे वर्षांत तो असा कोणी करत असल्याचे सापडत नाही. तेव्हा असे ते एवढेच, अंगठ्याने किंवा बोटाने कपाळावर एक छोटी खूण. सन दोनशेच्या आगेमागे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर राहणाऱ्या एका ख्रिस्ती लेखकाने नोंदवले आहे की आपले लोक घरातून निघताना, परत येताना, जोडे घालताना, अंघोळीला, जेवायला, दिवा लावताना कपाळावर ही खूण करतात. करून करून कपाळ झिजते, अशा अर्थाचे काहीसे. म्हणजे दारात हेल्मेटच्या आधी तू जो काढायचास तो धाकटा क्रूस नव्हे. थोरला तोच.

अर्थाचे म्हणशील तर त्या काळी शिपायाच्या, गुलामाच्या, मेंढराच्या अंगावर मालकाची खूण असे. हा कोणाचा, ते सांगणारी. या लोकांनी तीच पद्धत घेतली, आणि खूण कसली निवडली, तर ज्यावर गुन्हेगार टांगत त्या लाकडाची. त्या काळच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तोंडात बोटे घातली असतील. बाप्तिस्म्याला अजून पहिली गोष्ट तीच होते. फादर बाळाच्या कपाळावर क्रूस काढतात, मग आईबापांना काढायला सांगतात.

खूण मोठी झाली ती नंतर, आणि मोठी झाली तसे भांडण आले. किती बोटे? आठशे वर्षांपूर्वीच्या एका पोपने लिहिले आहे की तीन बोटे, वरून खाली, आणि मग उजवीकडून डावीकडे. नीट वाच, उजवीकडून डावीकडे. काहीजण उलटे करतात, असेही तोच पुढे लिहितो. आज आपण सगळे ते उलटे करणारे आहोत. ग्रीक आणि रशियन अजून उजवीकडूनच सुरू करतात. रशियात साडेतीनशे वर्षांपूर्वी दोन बोटांनी करायचा की तीन बोटांनी यावरून माणसांना फटके मारले, काहींना जाळले. ज्याच्या नावाने खूण करायची तो बाजूला, आणि बोटे मोजणे चालू. आपल्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी शिकवला तो पूर्ण पंजाचा. पाच बोटे कशाला, तर पाच जखमा. हे कारण पंजा आधी ठरल्यावर शोधले असावे असा माझा संशय आहे. कचेरीत आम्हीही निर्णय आधी घेतो आणि कारण मागाहून जोडतो.

सांगायचे ते इतकेच की बोटे बदलली, दिशा बदलली, आकार बदलला. तुझ्या बाईंनी जो नियम आकाशातून आल्यासारखा शिकवला त्याचा अर्धा भाग त्यांच्या आजीच्या आजीला माहीत नसता.

पुस्तके वाचून चष्म्याचा नंबर वाढला आहे, त्याचा दोष तुझ्याकडे. उत्तरात शिव्या असल्या तरी अक्षर सुधारले आहे हे कौतुकाने नमूद करते.

तुझी,
रेजिना

*

बोईसर,
१२ डिसेंबर २०२५

चि. रेजिनास आ. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. एकदा रागाने, एकदा कंटाळा आला म्हणून. माहिती चांगली आहे. पण तू सेफ्टीच्या ऑडिटला आली असतीस तर मी तुला नापास केले असते. दोन बोटे, तीन बोटे, पाच बोटे, इकडून तिकडे, तिकडून इकडे, सगळे सांगितलेस. या सगळ्यात डावा हात कुठे आला? आफ्रिकेतला तो लेखक, तो पोप, ते जळालेले रशियन, सगळे उजव्यानेच करत होते ना? मग?

स्नेहाला सांग की तारीख तीच राहील. ती रोज सकाळी दारात हेल्मेट हातात घेऊन मिनिटभर उभी राहते आणि मग जाते. मी पेपर वाचतो. पेपरात हल्ली काही नसते.

तुझा,
दादा

*

पालघर,
१९ डिसेंबर २०२५

ती. दादा यांस, सा. न. वि. वि.

हरले. इतिहासात डावा हात नाही. पुष्कळ शोधला. तुला खोटे सांगून जिंकण्यापेक्षा हे बरे.

पण आधी एक तक्रार. काल येसूबाई माझ्यासमोर टोपली आपटून बसली. म्हणाली, बाई, तुमच्यात मासळीला काय करतात ते आदी सांगा. परवा वहिनी पैसे आणायला आत गेली आणि सायब टोपलीपाशी बसले होते, तर सायबांनी तिच्या सगळ्यात मोठ्या पापलेटाच्या डोक्यावर डाव्या अंगठ्याने कायतरी काढलं, पुसलं, परत काढलं. तिने विचारलं तर मान फिरवली. तिचे म्हणणे, आमी मासळी ताजीच आणतो, ताजी नाय वाटली तर तोंडावर सांगा, पण असली करणी आमाला चालायची नाय. मी तिला समजावले की साहेबांना मासा फार आवडला की ते असे करतात. आता ती दर खेपेला सगळ्यात मोठा आणि महाग पापलेट तुझ्याच पुढ्यात धरील. भोग आपल्या कर्माची फळे.

दादा, पापलेटाला डावा अंगठा लागतो आणि मुलीला लागत नाही?

इतिहासाने मला एकच गोष्ट दिली, ती शेवटची सांगते. बोटे बदलली तरी एक बदलले नाही. ही खूण कपाळावर आपोआप येत नाही. ज्याच्या कपाळावर कोणीतरी काढली होती असा माणूसच ती दुसऱ्याच्या कपाळावर काढतो. तुझ्या कपाळावर आपल्या बाबांनी काढली. त्यांचे हात तुला आठवतात? दिवसभर शेणखतात असायचे, दोन्ही. आपण कधी विचारले नाही की बाबा, यातला स्वच्छ कोणता.

आता मी गप्प बसते. लग्नाच्या आदल्या दिवशी येईन. केटररशी माझे एक जुने प्रकरण आहे, हॉलवर ते मी बघते. तू घरचे बघ.

तुझी,
रेजिना

*

बोईसर,
२० जानेवारी २०२६

चि. रेजिनास अ. उ. आ. वि. वि.

घरातून निघायच्या वेळी तू हॉलवर केटररशी पुऱ्यांवरून भांडत होतीस, म्हणून तुला ते दिसले नाही. मोनिका सांगायला बसली की रडते आणि मुद्दा राहून जातो. तेव्हा मीच लिहितो.

मी एक मधला मार्ग काढला होता. डाव्या हाताने उजवे मनगट धरायचे, उजवा हात वर न्यायचा, आणि क्रूस उजव्याच अंगठ्याने काढायचा. काम डाव्याचे, सही उजव्याची. तुमची कचेरीची पद्धत. घरात कोणाला सांगितले नव्हते.

स्नेहा पुढ्यात गुडघ्यांवर बसली. मी उजवा उचलला. भिजलेल्या गोणीसारखा वर आला, तिच्या हनुवटीपर्यंत गेला आणि थांबला. बोटे मिटलेली, अंगठा आत. तो बाहेर काढायला तिसरा हात हवा होता. याचा विचार मी केला नव्हता. माझ्या हाताखालच्या कोणी अशी योजना आणली असती तर मी त्याच्या तोंडावर फेकली असती. मामा एक पाऊल पुढे आला. स्नेहाने त्याच्याकडे पाहिले, तसा तो दोन पावले मागे गेला. मग तिने माझा उजवा हात माझ्याकडून काढून घेतला, आपल्या मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि कपाळ पुढे केले. पापलेटाचे तिला कोणी सांगितले हे मी विचारत नाही.

माझ्याकडे मोकळा असा एकच हात उरला.

काढला. उभी रेघ बरी आली. आडवी उतारावर गेली. पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, हे सगळे म्हटले. तोंडातून बाहेर जे पडले ते कोणत्या भाषेत होते ते देवालाच ठाऊक. आमेन तिने म्हटले.

खरी भानगड पुढे. पार्लरच्या बाईंनी सकाळपासून तिच्या चेहऱ्यावर जो थर चढवला होता, त्यात माझा अंगठा उमटला, ओल्या सिमेंटवर मांजराचा पाय उमटावा तसा. बाई ब्रश घेऊन धावल्या. स्नेहा म्हणाली, राहू दे. बाई म्हणाल्या, फोटोत दिसेल. स्नेहा म्हणाली, त्यासाठीच. ती तशीच चर्चमध्ये गेली, तशीच स्टेजवर चार तास उभी राहिली. वरपक्षाच्या एका बाईंनी मोनिकाला बाजूला घेऊन हळूच विचारले की मुलीला कांजिण्या येऊन गेल्या का.

परवा रविवारी मी चर्चमध्ये मिस्साला गेलो. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ माझ्या डाव्या हाताकडे पाहत राहिले. त्यांचा स्वतःचा क्रूस माशी हाकलल्यासारखा होता. दोन्ही हात धडधाकट असून.

काल फोटोवाला अल्बमचे नमुने घेऊन आला. म्हणाला, काका, सगळ्या फोटोंत नवरीच्या कपाळावर तिरका डाग आलाय, कॉम्प्युटरवर साफ करून देऊ का? मी म्हणालो, नाही. एकदाच म्हणालो, आणि त्याला ते पहिल्या खेपेला कळले.

लोभ वाढवावा असे लिहायची रीत आहे. तू तो भांडणासकट वाढवतेस, तेव्हा आहे तेवढाच राहू दे.

तुझा दादा,
इनास